बायपासनंतरचे दुखणे आणि ड्रॉवरमधली गोळी

बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी येतो तेव्हा सोबत जाडजूड फाइल असते आणि औषधांची लांबलचक यादी. त्या यादीतली दुखण्याची गोळी बहुधा थोड्याच दिवसांची लिहिलेली असते. गोळ्या संपतात, दुखणे मात्र उरते. मग घरातले कोणीतरी ड्रॉवर उघडते. त्यात आजीच्या गुडघ्यांसाठी आणलेली अर्धी स्ट्रिप असते, कधीतरी दाढ दुखली तेव्हाच्या दोन गोळ्या असतात. ‘साधी पेनकिलर तर आहे, घ्या एक,’ असे म्हणून ती गोळी पुढे केली जाते. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नेमकी हीच गोळी घातक ठरू शकते, आणि हे डिस्चार्जच्या गडबडीत घरच्यांना नीट सांगायचे राहून जाते.

रुग्णालयात असेपर्यंत फारशी काळजी नसते. तिथे भूलतज्ज्ञ आणि सर्जन ठरवतात, नर्स वेळेवर देतात, किडनीचे आकडे रोज तपासले जातात. घरी आल्यावर हे सगळे थांबते आणि निवड आपल्या हातात येते. ही निवड पहिल्या महिन्यापुरतीही नसते. शस्त्रक्रियेला पाच वर्षे झाल्यावर कंबर धरली, तरी प्रश्न तोच असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुखणे सोसा, असे मला अजिबात म्हणायचे नाही. आपल्याकडे, विशेषतः बायका आणि वयस्कर मंडळी, ‘एवढे मोठे ऑपरेशन झाले, दुखणारच’ म्हणून गप्प राहतात. या शस्त्रक्रियेनंतर गप्प राहण्याने नुकसान होते. छाती दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकला दाबून धरतो. फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दुखण्यामुळे नाडी आणि रक्तदाब वाढतात, म्हणजे नुकत्याच दुरुस्त झालेल्या हृदयावर जास्तीचे काम पडते. झोप लागत नाही, चालणे टळते आणि झोपून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. फुप्फुसांच्या व्यायामासाठी देतात त्या तीन रंगीत चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढण्याचा व्यायाम ज्याला वेदनेमुळे जमत नाही, त्याला वेदनाशामक कमी पडते आहे, असेच समजावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

काय काय दुखते

बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापतात, दोन्ही बाजूंना ताणून धरतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात. हे हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळते; पूर्ण बळकट व्हायला तीन महिनेही लागतात. तोवर खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना मधोमध दुखणे अपेक्षित आहे. फासळ्या ताणल्या गेल्यामुळे त्यांचे पाठीकडचे सांधेही दुखावतात. म्हणून अनेकांची छातीपेक्षा पाठ आणि खांद्यांची पाती जास्त दुखतात, आणि ‘ऑपरेशन पुढून झाले, पाठ का दुखते?’ म्हणून घरचे घाबरतात.

छातीच्या आतल्या बाजूने जाणारी एक धमनी बायपाससाठी सोडवून घेतात, बहुतेक वेळा डावीकडची. तिच्या शेजारच्या नसा दुखावल्यामुळे डाव्या छातीवर बधिरपणा येतो, मुंग्या येतात, कधी मिरची लावल्यासारखी आग होते. साधा सदरा घासला तरी त्रास होतो. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर घोट्यापासून वर ठणकते, सूज येते. काहींच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला झिणझिण्या येतात, कारण छाती उघडून धरताना हाताकडे जाणाऱ्या नसांवर ताण पडतो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो.

हे सगळे वेगवेगळ्या जातींचे दुखणे आहे. हाडाच्या दुखण्याला जी गोळी लागू पडते, ती नसांच्या आगीवर फारशी चालत नाही. म्हणून डॉक्टरांना नुसते ‘दुखते’ असे सांगू नका. कुठे, कधी, कशाने वाढते आणि कसे दुखते, म्हणजे ठणकते, टोचते, भाजते की दाब येतो, हे सांगा. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

नको असलेल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात ‘पेनकिलर’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांचा मोठा भाग एका गटातला आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, पायरॉक्सिकॅम, इंडोमेथासिन, इटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब ही त्यातली नेहमीची नावे. वेदना आणि सूज दोन्ही उतरवणारी ही औषधे आहेत. डॉक्टर मंडळी त्यांना एनसेड म्हणतात. ही नावे स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत असतात. समोर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव. व्होवेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. झीरोडॉल-एसपीमध्ये ॲसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज. ही औषधे वाईट आहेत, असे नाही. ज्यांच्या हृदयाला आणि किडनीला काही झालेले नाही अशा लाखो लोकांना त्यांनी आराम दिला आहे. प्रश्न ती कोण घेतो आहे याचा आहे.

ही औषधे कशी चालतात ते समजले की धोका आपोआप कळतो. शरीरात कॉक्स नावाचे एक रसायन-यंत्र असते, ते प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे पदार्थ तयार करते. जखमेजवळ हे पदार्थ वेदना आणि सूज वाढवतात. पण हेच पदार्थ जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात, किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर रक्त गोठू देत नाहीत. एनसेड कॉक्सला रोखते तेव्हा ते जखमेपुरते रोखत नाही, शरीरभर रोखते. वेदना थांबते, आणि त्याबरोबर ही तीन राखणीची कामेही मंदावतात. बायपास झालेल्या माणसाला ही तिन्ही कामे इतरांपेक्षा जास्त हवी असतात. त्याच्या छातीत नव्याने जोडलेल्या रक्तवाहिन्या असतात आणि त्या गुठळीने बंद होऊ नयेत हीच पहिल्या महिन्यांतली मोठी चिंता असते.

हा नुसता तर्क नाही. २००४ च्या सप्टेंबरात रोफेकॉक्सिब हे जगभर खपणारे औषध हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढते म्हणून बाजारातून काढून घेतले गेले. पुढच्याच वर्षी बायपासच्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात १,६७१ रुग्ण होते. काहींना पहिले तीन दिवस पॅरेकॉक्सिबचे इंजेक्शन आणि मग दहाव्या दिवसापर्यंत व्हॅल्डेकॉक्सिबच्या गोळ्या दिल्या. काहींना नुसते बिनऔषधी इंजेक्शन आणि गोळ्या. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, फुप्फुसातली गुठळी असे गंभीर प्रसंग औषधाच्या गटात शंभरात २ जणांना आले, बिनऔषधी गटात शंभरात अर्ध्याला, म्हणजे दोनशेत एकाला. फक्त दहा दिवसांच्या औषधात जवळपास चौपट फरक. व्हॅल्डेकॉक्सिबही त्याच वर्षी बाजारातून गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मग या गटातल्या सगळ्याच औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला: बायपास शस्त्रक्रियेच्या आगेमागे वेदनेसाठी हे औषध वापरू नये.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की त्या अभ्यासात तपासली ती दोनच औषधे. बाकीच्या औषधांना इशारा लावला तो सावधगिरी म्हणून. त्यामुळे एखाद्या रुग्णालयात, रुग्ण समोर असताना, सर्जनने या गटातला एखादा डोस दिला, तर लगेच चूक झाली असे समजू नका. रक्तस्राव, लघवीचे प्रमाण, किडनी पाहून त्यांनी तो निर्णय घेतलेला असतो. तो निर्णय घरी आणून आपण पुढे चालू ठेवायचा नसतो, एवढेच.

डायक्लोफिनॅकबद्दल मात्र पुरावा चांगला भक्कम आहे, आणि आपल्याकडे सर्वांत सहज मिळणाऱ्या पेनकिलरपैकी ते एक आहे. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून लॅन्सेटमध्ये आली. मोठ्या डोसमध्ये, म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक वर्षभर घेणाऱ्या दर हजार लोकांमागे हार्ट ॲटॅकसारखे सुमारे तीन प्रसंग जास्त घडतात, असे त्यात दिसले. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांच्यात आकडा याहून मोठा असतो. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना डायक्लोफिनॅक देऊ नये, असे जाहीर केले. वेष्टनावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले असूनही आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मागितले की मिळते, हे मला काळजीचे वाटते.

‘दोनच दिवस घेतो’ हे वाक्य फार ऐकू येते. डेन्मार्कमध्ये हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या सुमारे ६२,००० लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एनसेड घेणाऱ्यांमध्ये गंभीर रक्तस्राव सुमारे दुप्पट होता, आणि पहिल्या तीन दिवसांतही वाढलेला होता. जठरात आधीच ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असताना वर एक एनसेड गेले की रक्तस्रावाला वाट मिळते.

‘सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो ना!’ पॅन्टोप्रॅझोल जठराला बऱ्यापैकी वाचवते. ते किडनीला वाचवत नाही आणि बायपासच्या नळ्यांना तर नाहीच. तसेच इंजेक्शनचे. ‘गोळी नको, एक सुई द्या’ म्हणून दवाखान्यात घेतलेले इंजेक्शन बहुतेकदा डायक्लोफिनॅकचेच असते. पोटातून गेले नाही म्हणून त्याचा किडनीवरचा आणि रक्तवाहिन्यांवरचा परिणाम टळत नाही.

आता ॲस्पिरिन. बायपासनंतर रोजची ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची छोटी गोळी बहुतेकांना असते; इकोस्प्रिन हे नाव घराघरांत माहीत आहे. ती दुखण्यासाठी नसते. रक्तातल्या प्लेटलेट या बारीक पेशी एकमेकींना चिकटून गुठळी करू नयेत, म्हणून ती असते. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या कॉक्सला कायमचे निकामी करते, आणि ती प्लेटलेट संपेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, परिणाम टिकतो. आयबुप्रोफेनही त्याच जागी जाऊन बसते, पण काही तासांपुरतेच. आधी आयबुप्रोफेन घेतले तर एसटीच्या सीटवर कोणी रुमाल टाकून ठेवावा तसे होते: जागा अडलेली, ॲस्पिरिन आले तरी त्याला बसता येत नाही. थोड्या वेळात ॲस्पिरिन रक्तातून निघून जाते. मग आयबुप्रोफेनही उतरते आणि प्लेटलेट पुन्हा मोकळी होते. रुग्ण रोज ॲस्पिरिन घेतो आहे, आणि तरी त्याचा फायदा त्याला पुरता मिळत नाही. हे २००१ पासून माहीत आहे.

दुखते म्हणून ॲस्पिरिनच जास्त घ्यावे, हा उपायही नको. वेदनेसाठी लागणारे ॲस्पिरिन रोजच्या गोळीच्या कितीतरी पट असते आणि त्याने रक्तस्राव होऊ शकतो. डोकेदुखीवर पाण्यात विरघळवून घेतात ती डिस्प्रिन ॲस्पिरिनच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. उलट्या बाजूने, पोट बिघडले किंवा सगळ्या गोळ्यांचा कंटाळा आला म्हणून रोजची ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका.

किडनीबद्दल थोडे. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी असते आणि लघवीवाटे पाणी काढणारी, फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइडसारखी, दुसरी गोळी. या दोघींबरोबर एनसेड आले की किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. उलट्या-जुलाब झाले, उन्हाळ्यात पाणी कमी पडले, की काही दिवसांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातला आकडा, वाढू शकते. शिवाय एनसेड शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवते. ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे त्यांच्या पायावर सूज येते, दम लागतो, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढते. अशी सूज दिसली तर गेल्या आठवड्यात कोणती पेनकिलर खाल्ली, हे आधी आठवून पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे.

मग घ्यायचे काय

घरी आल्यावर बहुतेकांसाठी पहिले औषध म्हणजे पॅरासिटामॉल. तेच, जे आपण तापाला घेतो. लोकांना ते दुबळे वाटते, कारण ते चुकीच्या पद्धतीने घेतले जाते. असह्य झाल्यावर एक गोळी घेतली तर वेदना पुढे आणि औषध मागे अशी स्थिती होते. पहिले एक-दोन आठवडे ते घड्याळाप्रमाणे घ्यायचे असते, डॉक्टरांनी सांगितले असेल तसे, साधारण दर सहा तासांनी. ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा म्हणजे दिवसाला २,६०० मिलिग्रॅम. अंघोळ, चालणे, श्वासाचे व्यायाम यांच्या अर्धा-पाऊण तास आधी डोस येईल असे वेळापत्रक लावले तर फरक कळतो.

निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानतात. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे जेवण कमी झाले आहे, वय जास्त आहे, वजन पन्नास किलोच्या आत आहे, त्यांनी तिथवर जाऊ नये. डॉक्टर त्यांना ३ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी सांगतात. लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर आणखी कमी. ही गोष्ट लपवू नका, कारण जास्तीचे पॅरासिटामॉल थेट लिव्हरवर जाते आणि पहिला दिवसभर तरी फारसे काही जाणवत नाही.

चूक होते ती बेरजेत. सकाळी डोलो, दुपारी सर्दीची गोळी, रात्री ट्रॅमाडॉलची जोडगोळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. नावापुढे ‘पी’ किंवा ‘प्लस’ असलेल्या गोळ्यांमागचा मजकूर वाचलाच पाहिजे. अक्षरे बारीक असतील तर मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचा.

पॅरासिटामॉलही अगदी निर्धोक नाही. २०२२ मध्ये एडिनबराच्या अभ्यासात उच्च रक्तदाब असलेल्यांना रोज ४ ग्रॅम दोन आठवडे दिले, तेव्हा वरचा रक्तदाब सुमारे ५ अंकांनी वाढला. म्हणून ते महिनोन् महिने पूर्ण डोसमध्ये चालवू नये आणि घरी रक्तदाब मोजत राहावे. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते. मीठ कमी करायला सांगितलेल्या रुग्णाने साधी गोळीच घ्यावी. ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे आणि वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल, म्हणजे असिट्रोम, ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे पॅरासिटामॉल सलग काही दिवस घेतले तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा, वाढू शकतो. घेऊ नका असे नाही. पॅरासिटामॉल चालू असल्याचे सांगून आयएनआरची तपासणी नेहमीपेक्षा लवकर करून घ्या.

आणखी एक. पॅरासिटामॉल ताप झाकते, आणि जखमेत जंतुसंसर्ग झाल्याची पहिली खूण अनेकदा तापच असतो. पहिल्या महिन्यात रोज एकदा तरी, गोळी घेण्याच्या आधी, थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवा.

पॅरासिटामॉलने भागत नसेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी ट्रॅमाडॉल जोडतात, बहुतेकदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत. अल्ट्रासेट हे त्यातले ओळखीचे नाव. हे अफूच्या जातीचे औषध आहे. भारतात २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. त्यामुळे चिठ्ठी लागतेच आणि शेजाऱ्याला दोन गोळ्या देणेही योग्य नाही. हृदयावर ते एनसेडसारखा भार टाकत नाही, पण मळमळते, गरगरते, गुंगी येते. रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडणे हे नुकते बांधलेल्या छातीसाठी फार वाईट. म्हणून दिवा चालू ठेवा, सोबत कोणी असू द्या. बद्धकोष्ठता ठरलेली असते आणि कुंथण्याने छातीवर ताण येतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी इसबगोल किंवा पोट साफ होण्याचे दुसरे औषध विचारून घ्या. फिट येण्याचा इतिहास असेल, नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर ट्रॅमाडॉल सुरू होण्याआधी सांगायलाच हवे. असिट्रोम घेणाऱ्यांनी इथेही आयएनआरकडे लक्ष ठेवावे.

नसांच्या आगीसाठी, झिणझिण्यांसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन देतात, सहसा रात्री. किडनी अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो. प्रीगॅबालिनने पाय सुजू शकतात, आणि ती सूज हृदयाची वाटून गोंधळ होतो. बाजारात प्रीगॅबालिनबरोबर नॉरट्रिप्टिलिन असलेल्या गोळ्याही आहेत. नॉरट्रिप्टिलिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. त्यामुळे नसांच्या दुखण्याची गोळी दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांकडून घेणार असाल, तर बायपास झाल्याचे पहिल्या वाक्यातच सांगा.

गोळ्यांइतकाच आराम इतर गोष्टींनी मिळतो. खोकला येणार असे वाटले की घट्ट उशी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळा. जोडलेल्या हाडाला त्याने आधार मिळतो. अंथरुणातून उठताना हातांवर भार देऊन सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग बसते व्हा. पहिले दोन-तीन महिने पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड, काहीही उचलू नका. पाठीच्या पात्यांवर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालतो, जखमेवर नाही. शीर काढलेला पाय बसताना स्टुलावर उंच ठेवा. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते: स्तनांच्या वजनाने जखम दोन्हीकडे ओढली जाते आणि त्याने खूप दुखते. पुढून उघडणारी, आधार देणारी मऊ ब्रा पहिल्या दिवसांपासून, झोपतानाही, घातली तर बराच फरक पडतो. हे विचारायला लाजू नका आणि मुलांनीही आईसाठी विचारायला लाजू नये.

मलम आणि बाम घरोघरी असतात. डायक्लोफिनॅकचे जेल त्वचेवर लावले तर गोळीच्या मानाने फार थोडे, साधारण सहा टक्के, रक्तात जाते. त्यामुळे जखमा भरल्यानंतर गुडघ्यासारख्या एखाद्या सांध्यापुरते ते डॉक्टरांना विचारून लावता येते. बहुतेक बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट असते, गंधपुरा तेलात तर तेच मुख्य. ॲस्पिरिनचे हे भावंड. रोज भरपूर चोळले तर असिट्रोमवाल्यांचा आयएनआर वाढू शकतो. छातीच्या किंवा पायाच्या ओल्या जखमेजवळ यातले काहीच लावू नये.

हळदीचे दूध प्यायला हरकत नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर परस्पर घेऊ नयेत. सांधेदुखीवर हमखास गुण येणाऱ्या, नाव-घटक न छापलेल्या पुड्या पूर्ण टाळा. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा एनसेड मिसळलेले वेळोवेळी सापडले आहे.

गोळी न घेता फोन करायचा तो प्रसंग

शस्त्रक्रियेआधी व्हायचे तसे छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, अचानक दम लागला तर पेनकिलर शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. वळताना छातीचे हाड कटकट वाजते, हलल्यासारखे वाटते, जखमेतून पू किंवा पाणी येते, ताप आहे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, शौचाला डांबरासारखी काळी होते, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी सर्जनला कळवा.

एक दुखणे मुद्दाम सांगतो, कारण ते ऐन सगळे बरे होत असताना येते. पहिल्या काही आठवड्यांत बारीक ताप येतो, खोल श्वास घेतला किंवा आडवे झाले की छातीत टोचते, पुढे वाकून बसले की बरे वाटते. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली की असे होते. यावर डॉक्टर कोल्चिसिन देतात, आणि काही वेळा मोठ्या डोसमध्ये ॲस्पिरिन किंवा एखादे एनसेडसुद्धा. वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद आहे, पण तो इको काढून, किडनी तपासून केलेला अपवाद आहे. तेव्हा चिठ्ठीवर असे औषध दिसले तर घाबरून बंद करू नका. ‘हे आवरणाच्या सुजेसाठी आहे का, किती दिवस घ्यायचे?’ एवढे विचारा.

वर्ष-दोन वर्षांनंतर

छाती भरून येते, माणूस कामाला लागतो, आणि पेनकिलरबद्दलची सावधगिरी विसरली जाते. खरी कसोटी तेव्हाच लागते. दाढ दुखते, दाताच्या दवाखान्यात केटोरोलॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक सहज लिहिले जाते. तिथे खुर्चीवर बसण्याआधीच बायपास, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांचा उल्लेख करा. कृत्रिम झडप असेल तर दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक लागते, तेही तेव्हाच ठरेल. पावसाळ्यात चिकनगुनिया झाला की सांधे महिनोन् महिने धरतात आणि पेनकिलरचा मोह फार होतो. डेंगीत प्लेटलेट कमी होतात, तिथे एनसेड तर नकोच, आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचे काय करायचे हे हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावे लागते. तापाचे निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

गुडघेदुखी ही सर्वांत लांबणारी गोष्ट. तिथे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन, काठी, जेल, गरजेपुरते पॅरासिटामॉल हा क्रम आधी संपवावा. मग अस्थिरोगतज्ज्ञ सांध्यातल्या इंजेक्शनचा विचार करू शकतात. काही वेळा सगळे करून पाहिल्यावर हृदयरोगतज्ज्ञ एखादे एनसेड लहान डोसमध्ये, थोड्या दिवसांसाठी, रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासत चालवतातही. तो निर्णय त्यांचा. औषधाच्या काउंटरवर किंवा शेजारच्या काकांच्या अनुभवावरून तो होऊ नये.

फाइलच्या पहिल्या पानावर जाड पेनाने तीन ओळी लिहून घ्या: शस्त्रक्रिया कोणती आणि कधी झाली, रक्त पातळ करणाऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, दुखल्यास काय आणि दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यायचे. तिसरी ओळ डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडूनच भरून घ्या, त्यांच्या सहीने. त्या पानाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असू द्या. आणि ड्रॉवरमधल्या जुन्या स्ट्रिप आजच काढून मागचे नाव वाचा. आजीच्या गोळ्या आजीच्या डब्यात, तिच्या नावाच्या चिठ्ठीसह, वेगळ्या ठेवा.